छाटणीचा आश्विन

युरोपातील द्राक्षतोडणीची चित्रे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. शरदातले कोवळे ऊन, पाठीवर करंड्या घेतलेली माणसे, घडांनी वाकलेल्या वेली. त्या चित्रांमुळे शरद ऋतू आणि द्राक्षे ही जोडी आपल्याही मनात पक्की बसली आहे. गेल्या दसऱ्यानंतर मी नाशिककडच्या एका बागेत जाणार असे कळताच माझ्या गाण्याच्या वर्गातील एका मुलाने येताना द्राक्षे आणण्याची फर्माईश केली. त्याला दोष देण्याचे कारण नाही. आपल्याकडे आश्विनात वेलीवर खाण्याजोगे एकही द्राक्ष नसते, हे जन्मभर द्राक्षे खाणाऱ्या थोरामोठ्यांनाही ठाऊक नसते. तिकडे जो महिना तोडणीचा, तो आपल्याकडे छाटणीचा.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना नाशिक जिल्हा परका नाही. सयाजीराव महाराज १८७५ साली दत्तक आले ते त्याच जिल्ह्यातील कौळाणे गावाहून, आणि आमच्यापैकी कितीएकांच्या सोयरिकी आजही तिकडच्याच आहेत. माझी सासुरवाडी दिंडोरी तालुक्यातली. सापुताऱ्याचा घाट ओलांडून हातगडावरून वणीकडे उतरले की द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. माझ्या दोघा मेहुण्यांची चार एकरांची बाग याच भागात आहे.

थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि वसंतात आपोआप जागी होते. आपल्या हवेत ती झोपतच नाही. तिला कात्रीने थांबवावे लागते आणि कात्रीनेच उठवावे लागते. तोडणी आटोपल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. उन्हाळ्यात नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढल्या घडाची बीजे धरतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. प्रत्येक काडीवर मोजके डोळे राखून पुढचा भाग उडवायचा, राखलेले डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची, आणि तेथून साधारण चार महिने मोजायचे. म्हणजे वर्षाचे पीक ठरते ते या कात्रीच्या दिवशी.

थोरले मेहुणे एक काडी हाती घेऊन म्हणाले, "दाजी, वरून सगळ्या सारख्याच दिसतात. घड चौथ्या डोळ्यात आहे की सातव्यात, ते बाहेरून कसं कळणार?" म्हणून निवडक काड्या अगोदर प्रयोगशाळेत धाडतात. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली डोळे चिरून पाहतात आणि कोठे कापावे ते सांगतात. सांगितलेले सर्व वेलींना लागू पडेलच, असे मात्र नाही.

छाटणीला सुरगाण्याकडची टोळी आली होती. एकरी ठेका ठरलेला. पुरुष कात्री चालवीत होते आणि मागून बाया डोळ्यांना पेस्ट लावीत होत्या. या पेस्टेत हायड्रोजन सायनामाइड असते आणि ते कातडीला अपाय करते. हातमोजे बांधावर ठेवलेले होते, पण सर्वांच्या हातांत नव्हते. काम मंदावते, असे त्यांचे म्हणणे. ठेका एकरावर असला की घाई मजुराच्याच अंगावर येते. बागायतदाराची अडचण मांडावयास बसलेल्याने याविषयी गप्प राहणे बरे नव्हे.

आता तारखेचे पाहा. छाटणी लवकर केली तर माल लवकर बाजारात येतो आणि भाव चांगला मिळतो. पण परतीचा पाऊस लांबला तर तो नेमका कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यावर येतो. मग केवडा पडतो, गळ होते, कूज होते, घड जिरून त्याची नुसती बाळी उरते. उशिरा छाटावे, तर माल सर्वांच्या बरोबर येतो आणि भाव पडतो. २०१९ च्या ऑक्टोबरात पावसाने आगाप बागा झोडपल्या. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाडकडे गारा पडल्या. २०२० साली हवा धड होती, तर ऐन तोडणीत, मार्चअखेर, टाळेबंदी आली. तेव्हा बरोबर तारीख कोणती, हे हंगाम संपल्यावरच कळते. माझ्या मेहुण्यांनी दोन एकर आत्ता आणि दोन पंधरा दिवसांनी, असे ठरविले आहे. यामागे कोणतेही शास्त्र नाही. दोघा भावांचे एकमत होईना, म्हणून थोरल्या वहिनींनी काढलेला हा तोडगा आहे, आणि मला तो कित्येक तज्ज्ञांच्या सल्ल्याहून शहाणपणाचा वाटला.

आभाळाचा जुगार कोणाला टाळता येत नाही. पण त्यापुढे माणसांनी मांडलेला जो जुगार आहे, त्याविषयी बोलले पाहिजे. बांधावर होणारा सौदा बहुतेक तोंडी असतो. व्यापारी येतो, चार मणी तोंडात टाकतो, किलोचा भाव बोलतो, कधी थोडा इसार देतो. तोडणी एका दिवसात होत नाही. पहिल्या फेरीत उत्तम घड जातात. मधेच आभाळ आले की उरलेल्या मालाचा भाव उतरतो, आणि दोन दिवसांपूर्वीच्या शब्दाला साक्षीदार नसतो. पैसे मागाहून मिळतात. कधी मिळतही नाहीत. २०२० साली नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा फसवणुकींविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा कित्येकांची बुडालेली रक्कम परत आली. पोलिसांना असल्या वसुलीला उतरावे लागते, यावरूनच मूळ व्यवहार किती कच्चा आहे ते कळते.

व्यापाऱ्यांचेही म्हणणे असते. माल नाशवंत, वाहतूक लांबची, शहरात भाव कोसळला तर त्यांनी काय करावे? म्हणणे खोटे नाही. पण जो धोका दोघांचा आहे, त्याची वाटणी कागदावर का होऊ नये? भाव, अंदाजे वजन, तोडणीची अखेरची तारीख आणि गाडी हलण्यापूर्वी द्यावयाची रक्कम, एवढ्या चार ओळी पुरेत. लिहिणे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांची बागवार नोंद ग्रेपनेटवर होते, आणि कोणते औषध कोणत्या दिवशी फवारले याची वही ठेवावी लागते. परदेशी खाणाऱ्याच्या पोटासाठी फवारणी फवारणी लिहिली जाते, आणि येथल्या पिकविणाऱ्याचा भाव तेवढा वाऱ्यावर राहतो, हे मला पटत नाही.

यात आपण गिऱ्हाइके अगदीच निर्दोष आहोत असेही नव्हे. खंडेराव मार्केटात डिसेंबरात पहिली द्राक्षे दिसली की आपण चढ्या भावाने ती घेतो, आंबट निघाली की नाक मुरडतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खरी गोडी भरलेली येतात तेव्हा घासाघीस करतो. आपल्या या उतावळेपणावरच लवकर छाटणीचा मोह पोसला जातो. मणी मोठा आणि हिरवागार हवा, हा हट्टही आपलाच. गाण्यातही सध्या असेच चालले आहे. सूर लागण्याअगोदर मुलाला मंचावर बसविण्याची पालकांना घाई असते. असो, तो विषय निराळा.

मी निघालो त्या संध्याकाळी पश्चिमेकडे ढग होते. टोळीचा मुकादम ओट्यावर बसून उरलेल्या दोन एकरांची तारीख मागत होता. त्याला दुसऱ्या गावी शब्द द्यावयाचा होता. धाकटे मेहुणे मोबाइलवर हवामान पाहत होते आणि थोरले आभाळाकडे. वहिनींनी मुकादमापुढे चहा ठेवला आणि सकाळपर्यंत थांबायला सांगितले.