सायंकाळचें साधें जेवण

दिवसभर श्रमून घरीं परतलेल्या आईनें पुन्हां दोन तास शेगडीपुढें उभें राहावें, हें मला पटत नाहीं. रात्रीं दोन भाज्या, आमटी, पोळ्या व भात हवाच, असा हट्ट बहुधा ज्यांस भांडीं घासावीं लागत नाहींत तेच धरतात. मीहि त्यांतलाच होतों.

गेल्या पावसाळ्यांत पत्नी आजारी असतां मीं प्रथमच खिचडी केली. ती तळाशीं करपली. मुलांनीं निमूटपणें खाल्ली. दोन वाट्या तांदळांस एक वाटी मुगाची डाळ, एवढेंहि या पदवीधरास ठाऊक नव्हतें! साधें अन्न निकस असतें हा तर निव्वळ गैरसमज. तांदळाच्या प्रथिनांतील उणीव डाळ भरून काढते.

पिठलें त्याहून सोपें. डाळीचें पीठ आधीं थंड पाण्यांत कालवावें, मग लसूण-मिरचीच्या फोडणीवर ओतून ढवळावें व मंद आंचेवर वाफ आणावी. वीस मिनिटांत पान वाढून होतें. पालकहो, हें मुलींइतकेंच मुलग्यांसहि शिकवा. आणि विद्यार्थ्यांनो, बहिणीकडे बोट दाखवूं नका.

आतां आमच्या घरीं मंगळवारचें व शुक्रवारचें जेवण माझ्याकडे असतें. पिठल्यांत गुठळ्या मात्र अजून होतात.