‘घर कालच गेले!’

बदलीचा हुकूम हाती पडला की पहिली चिंता कचेरीची नसते, घराची असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत परक्या गावात दारोदार हिंडणे आलेच. रायपुरात आम्हीही हिंडलो. जुन्या शहरात तीन घरे पाहिली. भाडे ठरण्याआधीच प्रश्न आला, ‘आप कौन लोग हैं?’ ‘महाराष्ट्राचे’ हे उत्तर पुरले नाही. खाण्यापिण्याची चौकशी झाली, आणि तिन्ही ठिकाणी घर कालच गेल्याचे कळले. अखेर भनपुरीत जागा मिळाली. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ येथे रोज उंबरठ्यावर येऊन बसते. परंतु घरमालकाने भाड्याखेरीज काही विचारले नाही.

ही हकीकत आपल्या मंडळींत सांगितली की सर्वांस संताप येतो. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना, त्या मराठी आहेत म्हणून, कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हाही आपण असेच संतापलो. तो संताप रास्तच होता. आमचा सवाल एवढाच, की तो आपल्या स्वतःच्या दारापाशी येऊन का थांबतो?

गेल्या वर्षी आमच्या कचेरीत विदर्भातून एक तरुण मराठी सहकारी बदलून आला. आपल्यातल्याच एका सद्गृहस्थांची वरची खोली रिकामी होती. त्यांनी त्याचे आडनाव विचारले, ते ऐकून क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘त्यांना सांगा, घर कालच गेले.’ तो निरोप आम्ही पोहोचविला. होय, आम्हीच! ती खोली पुढे दोन महिने रिकामी होती. तो तरुण आज भनपुरीतच, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतो. भेटला की नमस्कार करतो, आणि तो घेताना आमची मान खाली जाते.

१९१७ साली अमेरिकेत शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांस त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथून घालविले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोघा स्नेह्यांनी सबबी सांगितल्या. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. आणि बडोदे हे मराठी राजाचे राज्य होते!

पुढे १९५५ साली कायदा झाला. अस्पृश्यतेच्या कारणाने कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरला. पण ‘घर कालच गेले’ या तीन शब्दांच्या सभ्यतेविरुद्ध कोणता फौजदार पुरावा गोळा करणार?

कोणी म्हणेल, एका खोलीने काय बिघडते? एका नकाराने एक माणूस दूर जातो. शंभर नकारांनी वस्त्या वेगळ्या होतात. मग मुलांची शाळा, दवाखाना, शेजार, ओळखीपाळखी, सारे त्या वस्तीवरून ठरते, आणि पुढच्या पिढीचा पत्ता हेच तिचे आडनाव बनते. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या ठरवून नकाशावर तांबड्या रंगविल्या. १९६८ साली कायद्याने घरांतील भेदभाव बंद केला. तरी त्यांतील बहुतेक वस्त्या अर्धशतकानंतरही गरीबच राहिल्या. आपल्याकडे असे नकाशे छापावे लागत नाहीत. ते आपल्या जिभेवर असतात.

बदलीवरचा आजचा भाडेकरू निवृत्तीनंतर घर बांधतो आणि वरची खोली भाड्याने देतो. म्हणून आमचे मागणे घरमालकांपाशी नाही, आपणांपाशीच आहे. दारात कोणी उभा राहिला तर दोनच गोष्टी विचाराव्या : भाडे परवडेल काय, आणि राहावयास केव्हा येता? आडनाव भाडेपावती लिहिताना कळेलच.