टोटल लॉस गाडी आणि आपली इज्जत

आळंदीतल्या आपल्या एका तरुण मंडळात सध्या वाद पेटला आहे. मंडळाने वर्गणीतून एक चारचाकी घ्यायची, आणि ती साधीसुधी नको, काळी, जर्मन कंपनीची लक्झरी गाडी हवी, असे पोरांचे म्हणणे आहे. १ जानेवारीला कोरेगाव भीमाला, २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहाराला आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ती पुढे चालावी. तशी एक गाडी साडेसहा लाखांत मिळतेही आहे. इतक्या स्वस्तात का, तर काही वर्षांपूर्वी मोठा अपघात होऊन इन्शुरन्स कंपनीने ती 'टोटल लॉस' ठरवली होती. डीलर म्हणतो, आता टकाटक आहे, आरसी बुक क्लीन आहे. निम्मे मंडळ घ्या म्हणते, निम्मे नको म्हणते. दोन्हीकडच्यांनी आमचे मत विचारले.

आमचे मत: घेऊ नका. पण 'नको' म्हणणाऱ्यांतल्या काहींची कारणे आम्हाला मान्य नाहीत, म्हणून हा लेख.

एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, समाजाला शिक्षणाची गरज असताना गाडीचे चोचले कशाला, त्या पैशात ग्रंथालय काढा. हा उपदेश आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो नेहमी आपल्याच वस्तीत येऊन का केला जातो? या पट्ट्यात जमिनीचे पैसे आले तेव्हा दारोदारी मोठमोठ्या गाड्या उभ्या राहिल्या. त्या घरांत जाऊन कुणी म्हटले का, की आधी वाचनालय काढा? साधेपणा ही ज्याच्याकडे आहे त्याने सोडण्याची गोष्ट असते. ज्याला पिढ्यान्पिढ्या काही मिळूच दिले नाही त्याला साधेपणा शिकवणे हा निव्वळ कावा आहे. बाबासाहेब सुटाबुटात वावरले, ते काही हौस म्हणून नव्हे. तेव्हा चांगल्या गाडीत बसण्याची इच्छा ही आमच्या लेखी चळवळीशी गद्दारी नाही. जिथे दलिताने घोड्यावर बसले म्हणून वरात अडवतात, त्या देशात वाहन ही नुसती सोय कधीच नव्हती.

वाहनाचा हा इतिहास बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. ती महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने पायी चालायचे. हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे.

चाळीसगावचा प्रसंग मात्र आपण कमी सांगतो, आणि या वादात तोच कामाचा आहे. साल १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. धुळ्याकडचे काम आटोपून परतताना चाळीसगावच्या महार मंडळींच्या आग्रहाखातर ते तिथे उतरले. स्टेशनपासून महारवाडा चालत जाण्याजोगा होता. तरी त्यांना तासभर स्टेशनवर थांबवून ठेवले. मग टांगा आला. थोड्या अंतरावर एका मोटारीशी धडक होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीपुलावर वळताना घोडा बुजला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला, कित्येक दिवस त्यांना चालता येईना.

नंतर कळले ते असे. स्टेशनवरचे टांगेवाले महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. आपल्या साहेबांनी पायी यावे, हेही मंडळींना सहन होईना. तोड निघाली की टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायचा आपल्यातल्याच एकाने. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. बाबासाहेबांनी त्या मंडळींवर राग धरलेला दिसत नाही, त्यांचे प्रेम त्यांना कळत होते. पण पाहुण्याच्या प्रतिष्ठेपुढे त्याच्या जिवाचा विचार मागे पडला, हे त्यांनी नोंदवून ठेवले. दोष कुणाचा? पहिला दोष नाकारणाऱ्या टांगेवाल्यांचा, यात वाद नाही. पण दगडावर आपटले ते बाबासाहेब. टांगेवाले स्टेशनवर सुरक्षित होते.

आता साडेसहा लाखांच्या गाडीकडे वळू.

गाडी टोटल लॉस कधी ठरते? आपल्याकडच्या मोटार विम्याच्या नियमाप्रमाणे, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी दुरुस्ती करत बसत नाही. मालकाला ठरलेली रक्कम देऊन मोकळी होते आणि मोडका सांगाडा बोली लावून विकला जातो. समजा, गाडीची आयडीव्ही २० लाख होती. म्हणजे सर्व्हेअरने दुरुस्तीचा अंदाज १५ लाखांच्या वर काढला. समजा, तो सांगाडा कुणी ४ लाखांना उचलला आणि तुम्हाला साडेसहाला विकतो आहे. त्यात त्याचा नफाही आहे. मग दुरुस्तीवर त्याने किती घातले असतील, दीड लाख? पंधरा लाखांचे काम दीड लाखात झाले असेल, तर कोणते काम झाले नाही, हे त्याला विचारा. रंग झाला आहे, पॉलिश झाले आहे, सीट कव्हर नवी आहेत. बाहेरून जे दिसते ते सगळे झाले आहे.

जे झालेले नसते ते आत असते. एकदा फुटलेली एअरबॅग परत घडी घालून बसवता येत नाही. ती नवी लागते, सोबत सेन्सर, पट्ट्याची यंत्रणा आणि कंट्रोल युनिटही लागते, आणि महागड्या गाडीत हा खर्चच लाखांत जातो. म्हणून अनेक ठिकाणी रिकामे कव्हर चिकटवून टाकतात आणि डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा पेटू नये म्हणून वायरीत एक छोटा रेझिस्टर घालतात. दिवा गप्प बसतो. दुसऱ्या अपघातात एअरबॅगही गप्पच बसते. पुराच्या पाण्यातून आलेल्या गाडीची तऱ्हा वेगळी, तिचे वायरिंग आणि कनेक्टर आतून हळूहळू गंजत जातात, आणि कधी काय बंद पडेल याचा नेम नसतो. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडाले, सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या श्रीमंत वसाहतींतल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अशा गाड्या जातात कुठे? जिथे स्वस्त लक्झरीचे गिऱ्हाईक असते तिथे.

मंडळातला एक मित्र म्हणतो, आपली पोरे चाकणच्या कंपन्यांत वेल्डिंग करतात, फिटर आहेत, आपण स्वतः नीट करू. या मित्राच्या बोलण्यात अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मर्सिडीज १९९५ पासून पिंपरीत आणि २००९ पासून चाकणमध्ये जुळते, फोक्सवॅगनचा कारखानाही तिथेच आहे. या पट्ट्यात गाड्या घडवणाऱ्या हातांत आपले हात कमी नाहीत, फक्त त्यांतले बरेच कंत्राटी आहेत. पण याच पोरांना विचारा. आजच्या गाडीच्या खांबांचे पोलाद कारखान्यात तापवून, साच्यात दाबून, थंड करून कडक केलेले असते. गॅरेजात गॅसने तापवून सरळ केले की त्याचा कडकपणा जातो. फ्रेम सरळ झाली की नाही हे मोजायला मापाची यंत्रे लागतात. ज्याला हे काम येते तोच तुम्हाला सांगेल की टपरीवर ते होत नाही.

आता 'आरसी क्लीन आहे' या वाक्याकडे या. अमेरिकेत राज्य सरकारे अशा गाडीच्या मालकीपत्रावरच ती सॅल्व्हेज असल्याचा शिक्का मारतात, पुढच्या गिऱ्हाइकाला तो दिसतो. आपल्या आरसीवर तसा शिक्काच नसतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ मध्ये, वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवावे आणि नोंदणी रद्द व्हावी, अशी तरतूद आहे. पण 'दुरुस्त होऊ शकते' असे म्हटले की गाडी या कलमातून निसटते. म्हणून क्लीन आरसी पाहून अपघाताबद्दल काहीच कळत नाही.

आणि इथे आमचे डोके भडकते. आपल्या पोराला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल, तर जात पडताळणी समितीपुढे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा न्यावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुन्यातली नोंद, कोतवाल बुकातली ओळ, सगळे शोधत फिरावे लागते. माणसाचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांमागचा इतिहास या राज्याला कागदावर हवा असतो. आणि तीन वर्षांपूर्वी चेपलेल्या गाडीचा इतिहास मात्र कुणालाच नको असतो!

या कोऱ्या कागदाचा धंदा होतो. २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी असेच एक प्रकरण उघडकीला आणले. पुरात खराब होऊन भंगारात जायला निघालेल्या बीएस-४ गाड्या चेसिस नंबर बदलून अनेक राज्यांत विकल्या गेल्या होत्या. दुसरा प्रकार याहून वाईट. टोटल लॉस गाडीचे फक्त कागद आणि चेसिस नंबर विकत घ्यायचे, त्याच मॉडेलची गाडी चोरायची आणि तिच्यावर तो नंबर ठोकायचा. उद्या नाकाबंदीत गाडी अडवली आणि नंबर खोटा निघाला, तर तिथे डीलर उभा नसेल. आपला पोरगा उभा असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल घेणे हा गुन्हा आहे. 'मला माहीत नव्हते' हे त्याला पटवून द्यावे लागेल आणि पोलीस पहिला प्रश्न विचारतील, इतक्या स्वस्तात कशी मिळाली? सुटेल तो, चार-पाच वर्षांनी. तोवर पोलीस भरती गेली, रेल्वे गेली, पासपोर्ट अडकला. निळा झेंडा लावलेल्या गाडीतल्या पोरांना संशयाचा फायदा किती मिळतो, हे आम्ही कुणाला सांगायला नको.

शिवाय गाडी नावावर कुणाच्या होणार? मंडळ नोंदणीकृत नाही, म्हणजे कुणा एकाच्या नावावर. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. विमा चालू असेल तर कंपनी बघेल. विम्यात काही खोट निघाली तर खजिनदाराच्या आईचे दोन खोल्यांचे घर आहे. वर्गणी देणाऱ्यांत सफाईचे काम करणाऱ्या बायका आहेत, त्यांना हे कुणी सांगितले आहे का?

काही मित्र म्हणतील, म्हणजे आम्ही सेकंड हँड घ्यायचीच नाही? जरूर घ्या. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमवले. जुने वापरण्यात कमीपणा कसला? आमचा राग जुन्यावर नाही, मोडके लपवून माथी मारण्यावर आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला मेलेल्यांची वस्त्रे आणि फुटकी भांडी नेमून दिली आहेत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळले. त्याच साली मार्चमध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि शिळे तुकडे सोडा म्हणून सांगितले होते. श्रीमंताने मोडली, विमा कंपनीने भंगारात काढली, आणि तिच्यावर पॉलिश मारून ती आपल्याला 'इज्जत' म्हणून विकली जाते आहे. आम्हाला यात जुनीच वाटणी दिसते.

तेव्हा साडेसहा लाखच असतील तर त्यात ज्याचा इतिहास कळतो असे साधे, दणकट, सात माणसांचे वाहन बघा. घेण्याआधी डीलरकडून मागच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, तो मध्येच शून्यावर आला असेल तर त्या वर्षी काय झाले ते विचारा. विमा कंपनीला चेसिस नंबर देऊन क्लेमची माहिती मागा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून तपासणी करा. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, तळाशी चिखलाची रेघ असेल तर तिथूनच परत या. २०२२ च्या डिसेंबरमधल्या केंद्राच्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते, तेही मागा. आळंदीच्या या डीलरकडे आमच्या कार्यकर्त्याने मागितले, तर त्याने चहा मागवला.

दुसरे काम मंडळाचेच आहे. टोटल लॉसचा क्लेम मंजूर झाला की त्याच दिवशी 'वाहन' पोर्टलवर आणि आरसीवर तशी नोंद व्हावी, दुरुस्त गाडीला एअरबॅग आणि फ्रेमची तपासणी झाल्याशिवाय रस्त्यावर येऊ देऊ नये. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडीतली भंगाराची गोदामे आणि शेड महापालिकेने पाडली, गरीब भंगारवाले रस्त्यावर आले. लक्झरी भंगार गुळगुळीत करून विकणाऱ्या काचेच्या शोरूमला मात्र बुलडोझरची भीती नाही. परिवहन आयुक्तांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. एमएच-१४ च्या कार्यालयात तो मंडळाच्या लेटरहेडवर जावा असे आम्हाला वाटते.

रविवारी बैठक आहे, आम्ही येतो आहोत. 'घ्या' म्हणणाऱ्यांनी त्या गाडीच्या मागच्या पाच वर्षांच्या पॉलिसी घेऊन याव्यात. डीलर देत नसेल तर तेही बैठकीत सांगावे. आणि बयाणा अजून दिलेला नसेल तर तोवर देऊ नये.

जय भीम.