शिबिरात लघवीची बाटलीही हवी

१. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत रविवारी कुठल्याही चौकात मोफत आरोग्य शिबिराचा फ्लेक्स दिसतो. मांडवात बोटाला सुई टोचतात, पट्टीवर साखर बघतात, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजतात, साहेबांसोबत फोटो होतो. मधुमेहाने किडनी पोखरायला घेतलीय का, हे ज्यात लवकर कळतं ती लघवीची तपासणी मात्र नसते. मांडवाजवळ स्वच्छतागृह नसतं. शिवाय बाटली फोटोत शोभत नाही.

२. ‘माझं क्रिएटिनिन नॉर्मल आहे,’ असं बरेच मधुमेही निर्धास्तपणे सांगतात. रक्ततपासणीतला हा आकडा उशिरा जागा होतो. किडनीचं जवळपास निम्मं काम बंद पडलं तरी तो मर्यादेत असू शकतो. त्याच्या कितीतरी आधी अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून झिरपू लागतं. लघवीच्या एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर) तपासणीत ते सापडतं. आकडा ३० च्या आत हवा. चोवीस तासांची लघवी साठवायची नाही, एका वेळचा नमुना पुरतो. तापात किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गात आकडा तात्पुरता चढतो, म्हणून वाढलेला दिसला तर घाबरून न जाता पुन्हा तपासायचा. टाइप २ मधुमेहात निदान झाल्यापासून दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी.

३. किडनीचा आणखी एक शत्रू म्हणजे पेनकिलर. उभ्याने लोकलचा प्रवास, पुलांचे जिने, मग गुडघे बोलू लागतात आणि मेडिकलवाला चिठ्ठी न मागता डायक्लोफिनॅकची पट्टी देतो. मधुमेहाने दमलेल्या किडनीला हा वरचा मार. ‘शुगर आहे का?’ एवढं काउंटरवर विचारायला काय जातं?

४. किडनीचं दुखणं लवकर कळलं तर हाती उपाय आहेत. साखर आणि बीपी आटोक्यात, टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी, आणि २०२० मध्ये पेटंट संपल्यावर स्वस्त झालेलं डॅपाग्लिफ्लोझिन. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्यासमोर रिपोर्ट तर हवा.

५. उशीर झाला की उरतं डायलिसिस. त्यासाठी २०१६ पासून केंद्राचा कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ते मोफत मिळतं. चांगलंच आहे. पण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर. टिटवाळ्याहून ठाण्याला येणाऱ्याचा आख्खा दिवस जातो, सोबतच्या माणसाचा खाडा पडतो, आणि परतीच्या गाडीत, डायलिसिसची सुई टोचायला जिथे फिस्टुला केलेला असतो त्या हातावर कुणाची बॅग आदळू नये म्हणून तो हात पोटाशी धरून उभं राहावं लागतं.

६. म्हणून मागणी साधी. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर इथे मधुमेहीच्या केसपेपरवर ‘या वर्षीचं एसीआर’ असा रकाना छापावा. तो रिकामा असेल तर तिथूनच लॅबची चिठ्ठी मिळावी. आणि मांडवाच्या परवानगीत महापालिकेने एक अट घालावी: साखर वाढलेली दिसली की त्या माणसाला नाव लिहिलेली बाटली द्यायची. सोमवारी सकाळची पहिली लघवी तो जवळच्या आरोग्य केंद्रात देईल. मग स्वच्छतागृहाची सबबही उरत नाही.