बागेच्या फाटकाला दुपारचं कुलूप

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला जागाच मिळेना. समाजमंदिरात लग्नाचं सामान पडलेलं, माझ्याकडे पाहुणे. कुणीतरी म्हणालं, "चला ना, बागेतच बसू." दुपारी अडीचला आम्ही सगळ्या नगरपरिषदेच्या बागेसमोर उभ्या, आणि फाटकाला हे एवढं कुलूप! पाटीवर लिहिलेलं, सकाळी ६ ते १०, संध्याकाळी ४ ते ८. रखवालदार मामा समोरच्या टपरीवर चहा पीत होते. म्हणाले, "ताई, दुपारचं कोण येतंय बागेत?"

आता मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा. सकाळी सहा ते दहा आपण कुठे असतो? पाणी, डबे, आंघोळी, शाळेची रिक्षा. चार ते आठ? चहा, मुलांचा अभ्यास, कुकर, दिवाबत्ती. स्वतःचे म्हणून दोन तास मिळालेच, तर ते दुपारची भांडी आवरल्यावर. नेमकी तेव्हाच बाग बंद. हे काही माझ्या मनचं नाही बरं का. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर एक पाहणी केली, कोण आपला वेळ कशात घालवतं याची. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, असं निघालं. ती कामं करणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणजे आपले पाच तास आणि त्यांचा जेमतेम दीड.

बायकांना येऊ द्यायचं नाही म्हणून कुणी हे वेळापत्रक केलेलं नाही. पहाटे फिरायला निघणारे काका आणि संध्याकाळी मुलं घेऊन येणारं कुटुंब, एवढंच चित्र ते ठरवणाऱ्याच्या डोळ्यापुढे होतं. आणि ते चित्र जुनं झालं आहे.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा गल्लीत पोरांचा नुसता गलका असायचा. आता संध्याकाळी कुत्रं भुंकलेलंही लांबून ऐकू येतं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे हेच सांगतात. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये १.७. दुसरीकडे म्हातारी माणसं वाढली. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ९.९ टक्के लोक साठीचे किंवा पुढचे होते, म्हणजे दहातला एक. देशात या वयात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या विधवा. मुलगा-सून पुण्याला, आई इथे, टीव्हीसमोर. हे घर तुमच्याही आळीत आहेच.

आणखी एक बदल आमच्या गावात डोळ्यांना दिसतो. एमआयडीसीत कामाला आलेली बाहेरची बिऱ्हाडं. एका खोलीत चार-पाच माणसं, वर पत्रा. त्यांच्या मुलांना अंगण नाही, ओसरी नाही. त्यांना बाग म्हणजे चैन नव्हे.

आणि नव्या सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकात काय होतं, माहीत आहे? कारंजं, सेल्फी पॉइंट, गावाच्या नावाची लाल बदामवाली मोठी अक्षरं, आणि खुली व्यायामशाळा. बाकडी बिनपाठीची. आमच्या शेजारच्या काकू गुडघेदुखीवाल्या. त्या अशा बाकड्यावर बसल्या तर त्यांना उठवायला दोघी लागतात! स्वच्छतागृह आहे, पण त्याची किल्ली मामांच्या खिशात. किल्ली मागायला जायची लाज वाटते म्हणून कितीतरी बायका घरून निघतानाच पाणी पीत नाहीत.

काम करणाऱ्या इंजिनिअरना मी विचारलं, हे ठरवलं कशावरून? ते सरळ माणूस. म्हणाले, "ताई, आम्ही लोकसंख्या बघतो आणि जागा बघतो." आणि खरंच, हिशेब तसाच असतो. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असं म्हटलं आहे. चांगलंच आहे ते. पण त्यातला 'माणूस' सहा वर्षांचा आहे की सत्तरीचा, त्याला दुपारी वेळ आहे की पहाटे, हे चौरस मीटर कसं सांगणार? त्यातही लोकसंख्या म्हणाल तर २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ ची म्हणून २०२५ मध्ये जाहीर झाली. तोवर आधार कशाचा, तर २०११ चा. त्या वर्षी जन्मलेलं मूल आता दहावीच्या आसपास आलं.

मुलींचं तर वेगळंच. आठ-नऊ वर्षांच्या मुली झोपाळ्यावर दिसतात. बारा-तेराची झाली की दिसेनाशी होते. आपण म्हणतो, मोठी झाली, लाज वाटते तिला. पण हे फक्त आपल्याकडचं नाही. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथे १९९० च्या दशकात शहराच्या लोकांनी बागांमधली मुलं पाहिली, तर नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत येणं कमी झालेलं. मुलगे कमी झाले नव्हते. मोकळं मैदान एकच असलं की मुलगे त्याचा ताबा घेतात आणि मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. मग १९९९ मध्ये तिथल्या मार्गारेटन भागातल्या दोन बागा नव्याने आखल्या. एका मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, पायवाटा वाढवल्या, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलला जागा दिली. मुली परत आल्या. लाज, संस्कार यावर कुणी भाषण दिलं नाही, जागा बदलली. मला हे फार पटलं, कारण आमच्या बागेत क्रिकेटचा चेंडू डोक्यात बसेल म्हणून मीसुद्धा कडेकडेनेच चालते.

तुमच्या गावातल्या मोकळ्या जागेचं भवितव्य ठरतं ते विकास आराखड्यात, ज्याला सगळे 'डीपी' म्हणतात. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे तो २० वर्षांतून एकदा तरी नव्याने व्हावा लागतो. बाग, क्रीडांगण यांची आरक्षणं त्यातच पडतात. प्रारूप जाहीर झालं की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. ही नोटीस पेपरात बारीक अक्षरात येते, आपण पुरवणी काढून घेतो आणि ते पान रद्दीत जातं. आणि आरक्षण पडलं म्हणजे बाग झाली असंही नाही. १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही नगरपरिषद हलली नाही, तर आरक्षण संपतं. नकाशावर हिरवी दिसणारी जागा उद्या दुकानांचा गाळा होते ती अशी.

दुसरी जागा तुमच्या घराजवळच असेल. सुमारे एक एकर, म्हणजे ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा लेआउट पडला, तर त्यात १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तिलाच आपण 'ओपन स्पेस' म्हणतो. आमच्या कॉलनीतल्या ओपन स्पेसमध्ये आत्ता दोन ट्रॅक्टर आणि एक वाळूचा ढीग आहे. मंजूर नकाशा मागून पाहिला तेव्हा कळलं, ती जागा आम्हा सगळ्यांची आहे.

त्या कुलपानंतर आम्ही एक केलं. आठवडाभर दोघी-दोघींनी पाळी लावून बागेच्या फाटकाशी बसलो आणि वहीत रेघा ओढल्या. कोण आलं, किती वाजता, किती वेळ बसलं. काम काही अवघड नाही, स्वेटर विणता विणता होतं. सकाळी बहुतेक पुरुषच. संध्याकाळी मुलगे आणि लहान मुलं घेतलेल्या आया, त्याही अर्ध्या तासात उठणाऱ्या. म्हाताऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. आणि दुपारी बंद फाटकाशी येऊन परत गेलेल्यांत कॉलेजच्या मुली, बाळाला घेतलेली एक बिहारी सून, आणि चक्क आमच्याच गल्लीतल्या दोन आजी.

ती वही घेऊन नगरपरिषदेत गेलो. मागण्या साध्याच. दुपारी बाग उघडी ठेवा, बाकड्यांना पाठ आणि हात लावा, स्वच्छतागृहाचं कुलूप काढा, मैदानाच्या एका बाजूला जाळी लावून मुलींच्या खेळाला जागा द्या. आपल्या राज्यात २०११ पासून पालिकांमध्ये निम्म्या जागा महिलांना आहेत, म्हणून आमच्या प्रभागाच्या नगरसेविका वहिनींनाही बरोबर नेलं. आधी त्या म्हणाल्या, "साहेबांशी बोलते." 'साहेब' म्हणजे त्यांचे यजमान, हे आम्हाला ठाऊक होतं. पण वही पाहिल्यावर त्या स्वतःच बोलायला लागल्या.

अधिकाऱ्यांचा प्रश्न एकच होता, दुपारच्या पाळीला माणूस कुठून आणायचा? पगार कोण देणार? प्रश्न खोटा नाही, छोट्या नगरपरिषदेची तिजोरी मला माहीत आहे. पण कारंज्याला पैसे आहेत, आणि कारंजं चालवायलाही माणूस आणि वीज लागतेच की! हे मी तिथे म्हणाले तेव्हा इंजिनिअर खाली बघून हसले.

सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार बाग उघडी असते, तीन महिन्यांसाठी, प्रयोग म्हणून. मामा कुरकुरत का होईना, कुलूप काढतात. बाकड्यांचं अजून काही झालेलं नाही, काकू घरून फोल्डिंगची खुर्ची घेऊन येतात. स्वच्छतागृहाची किल्ली अजून मामांच्याच खिशात आहे. वही चालू आहे.