सॉल्ट ब्रिजला एवढे श्रेय कशासाठी?

लायसिन, अर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पार्श्वसाखळ्यांवर धन प्रभार, अस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांच्या साखळ्यांवर ऋण. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, सॉल्ट ब्रिज तयार होतो आणि त्याच्याच जोरावर प्रथिनाची घडी टिकते, असे वर्गात बिनदिक्कत शिकवले जाते. ओढ खरी आहे. घडी तिच्याच जोरावर टिकते, हे मात्र मला मुळीच मान्य नाही.

या मांडणीत पाण्याचा विसर पडतो. घडी पडण्याआधी प्रत्येक प्रभाराला पाण्याच्या रेणूंनी वेढलेले असते आणि त्या वेढ्यात तो सुखी असतो. सॉल्ट ब्रिज जुळायचा तर ते पाणी सोडावे लागते. हेंडश आणि टिडॉर या संशोधकांनी 1994 मध्ये 21 सॉल्ट ब्रिजचा हिशेब मांडला. त्या ब्रिजच्या जागी तशाच आकाराच्या, पण प्रभार नसलेल्या साखळ्या असत्या तर काय, अशी ती तुलना होती. 17 सॉल्ट ब्रिज तोट्यातले निघाले. हे नुसते गणित, असे कोणी म्हणेल. पण पुढच्याच वर्षी आर्क रिप्रेसर या प्रथिनाच्या गाभ्यातले सॉल्ट ब्रिज काढून तिथे मेथिओनिन, टायरोसिन आणि ल्युसिन बसवले गेले, आणि प्रथिन उलट अधिक टिकाऊ झाले.

प्रभारांची ओढ आड येते, हे प्रयोगशाळेबाहेरही दिसते. आमच्या रत्नागिरीत, मिरजोळे एमआयडीसीत सुरिमी बनते. राणी माशासारख्या मासळीचा धुतलेला खिमा दोन-तीन टक्के मीठ घालून घोटला, की भरड, मोकळा खिमा बघता बघता चिकट आणि चकचकीत होतो. मिठाचे आयन मायोसिन या स्नायूंतल्या प्रथिनाच्या रेणूंमधल्या प्रभारांच्या ओढीत शिरतात, तंतू सुटतात, प्रथिन विरघळते. मग उष्णता दिली की पाण्याला टाळणारे भाग एकत्र येतात, गंधकाचे बंध जुळतात आणि घट्ट, लवचीक जाळे तयार होते. इथली ओढ रेणूरेणूंमधली आहे, एका घडीतली नव्हे, हे कबूल. तरीही पक्के जाळे विणण्यासाठी आधी प्रभारांची पकड सोडवावी लागते, हे नाकारता येणार नाही.

‘मग उन्हवरे, तुरळसारख्या गरम झऱ्यांचे काय?’ हा आक्षेप वजनदार आहे. उष्णताप्रिय जीवाणूंच्या प्रथिनांत सॉल्ट ब्रिज अनेकदा जास्त सापडतात. पण पाण्याचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे प्रभारांची ओढ पाणी किती क्षीण करते त्याचे माप, 25 अंशांना सुमारे 78 असतो, 100 अंशांना 55 च्या आसपास. तापलेल्या पाण्याची प्रभारांवरची पकड सैलावते आणि पाणी सोडण्याचा खर्च घटतो. म्हणजे तिथेही निकाल पाण्याच्या हाती.

प्रभारांचे खरे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. शास्त्रज्ञ पेरुट्झ यांनी 1970 मध्ये हिमोग्लोबिनबद्दल ते दाखवले. ऑक्सिजन चिकटू लागला की हिमोग्लोबिनचे सॉल्ट ब्रिज तुटतात आणि प्रोटॉन सुटतात. स्नायूंत आम्लता वाढली की हे ब्रिज पुन्हा जुळतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. इतक्या सहज तुटणारा बंध नसता, तर फुप्फुसात घेतलेला ऑक्सिजन स्नायूंना इतक्या तत्परतेने मिळाला नसता. पाठ्यपुस्तकात सॉल्ट ब्रिजचा धडा इथून सुरू व्हायला हवा.