मोटारीविना वाट : हॉलंडकडून घेण्याजोगा धडा

इस्राएलमध्ये वर्षातून एकच दिवस असा येतो की, महामार्गावरही मोटार दिसत नाही. तो दिवस योम किप्पूरचा. कोकणात आपले पूर्वज या सणाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत आणि दारे लावून, उपास धरून, घराबाहेर पाऊल न टाकता तो पाळीत. इथे मात्र आपण सिनेगॉगमध्ये प्रार्थनेत असताना असंख्य मुले सायकली घेऊन मोकळ्या रस्त्यांवर उतरतात. वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही, आणि धर्मदृष्ट्या त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्या मुलांच्या आनंदातून जो प्रश्न उभा राहतो तो टाळता येण्यासारखा नाही. निर्भयपणे सायकल चालविता यावी म्हणून मुलांना वर्षातील सर्वांत पवित्र दिवसाची वाट का पाहावी लागावी?

या प्रश्नाला हॉलंडने उत्तर दिलेले आहे, आणि त्या उत्तराचा आपल्या देशाच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी, योम किप्पूरच्या दिवशी, इस्राएलवर युद्ध लादले गेले. हॉलंडने इस्राएलची बाजू घेतली, म्हणून अरब तेल-उत्पादक राष्ट्रांनी त्या देशाचा तेलपुरवठा तोडला. तेव्हा पंतप्रधान योप डेन आउल यांच्या सरकारने रविवारी खासगी मोटारी चालविण्यास बंदी केली. ४ नोव्हेंबर १९७३ हा पहिला मोटारमुक्त रविवार. पुढे जानेवारी १९७४ पर्यंत असे अनेक रविवार पाळले गेले. लोक महामार्गांवर सायकली घेऊन उतरले, मुले चाकांच्या बुटांवर घसरू लागली. आपला देश मोटारीविना कसा दिसतो, हे एका पिढीने डोळ्यांनी पाहिले.

जमीन मात्र आधीच नांगरलेली होती. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. स्वतःची मुलगी अपघातात गमावलेले पत्रकार फिक लांगेनहोफ यांनी १९७२ साली ‘डे टाइड’ या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्यातून ‘बालहत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. आईबापांनी रस्ते अडविले, नगरपालिकांना जाब विचारला. १९७५ साली सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना निघाली. आज त्या देशात सायकलींसाठी ३५,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचे स्वतंत्र मार्ग आहेत, आणि रस्त्यांवरील वार्षिक मृत्यूंची संख्या सातशेच्या आसपास आली आहे.

कोणी म्हणेल, डच लोक मुळातच सायकलवाले. त्यांचे आपल्याला काय? याला पुण्याचे उदाहरण पुरेसे आहे. पुणे हेही एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते, आणि आपल्यापैकी कित्येकांचे वडील तेथे सायकलवरूनच कचेरीत जात. ती सवय स्वयंचलित दुचाकींच्या लोंढ्यात वाहून गेली, कारण तिच्या रक्षणासाठी कोणी वाट राखून ठेवली नाही. सवय कितीही जुनी असो, तिला जागा दिली नाही तर ती टिकत नाही.

या वाटा केवळ शहरांत नाहीत, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ड्रेंथ प्रांतात ड्रेंत्से आ या ओढ्याच्या खोऱ्यातून, वेलुवेच्या अरण्यातून, आयसेल नदीच्या बांधांवरून तासन्‌तास सायकल चालविता येते. काही वाटांवर खडी असते, तर काहींवर समुद्रातील शिंपल्यांचा चुरा पसरलेला असतो. कोकणच्या माणसाला त्याची चरचर ओळखीची वाटेल. वाटांच्या प्रत्येक तिठ्यावर क्रमांकाची पाटी असते. सकाळी चार-सहा क्रमांक कागदावर टिपून घ्यावेत आणि निघावे. नकाशा उलगडण्याचे कारण नाही. ही युक्ती शेजारच्या बेल्जियममध्ये ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याला सुचली, १९९५ साली तेथील लिंबुर्ख प्रांतात ती अमलात आली आणि मग हॉलंडने उचलली. होगे वेलुवे राष्ट्रीय उद्यानात तर प्रवेश घेणाऱ्यास सुमारे १,८०० पांढऱ्या सायकलींपैकी हवी ती विनाभाडे वापरता येते. यात थोर तंत्रज्ञान काही नाही. खांब, पाट्या, खडी आणि मोटारीला ‘इथवरच’ म्हणण्याचे धैर्य, एवढीच सामग्री.

तथापि ज्यू माणसाने हॉलंडच्या रानांचे निव्वळ गोडवे गाऊ नयेत. त्याच देशात नाझी राजवटीने १९४२ च्या जून महिन्यात ज्यूंना आपल्या सायकली जमा करण्याचा हुकूम सोडला. पुढच्याच महिन्यात ड्रेंथमधील वेस्टरबोर्क छावणीतून आगगाड्या पूर्वेकडे धावू लागल्या. हॉलंडमधून नेले गेलेले सुमारे १,०२,००० जण परत आले नाहीत. प्रत्येकासाठी एक याप्रमाणे तितके दगड आज त्या जागी उभे आहेत. संग्रहालयापासून छावणीपर्यंतचे सुमारे तीन किलोमीटर अंतर रानातून जाते. शेजारी रेडिओ-दुर्बिणी असल्यामुळे तेथे खासगी मोटारीला मज्जाव आहे. पायी, सायकलने किंवा संस्थेच्या बसनेच जावे लागते. आपल्या तरुणांपैकी जे युरोपचा प्रवास करतात त्यांनी ही वाट अवश्य तुडवावी. ज्यांच्याकडून सायकल हिरावून घेतली गेली, त्यांच्या दगडांपाशी सायकलने पोहोचणे हा त्यांच्या स्मृतीचा मानच आहे.

आता स्वतःकडे वळू. हॉलंडला मोटारमुक्त रविवार आपल्या युद्धामुळे मिळाले, आणि त्या थोड्या आठवड्यांच्या अनुभवातून त्याने कायमचा बोध घेतला. आपल्याला मात्र दरवर्षी एक संपूर्ण दिवस मिळतो आणि दुसऱ्या दिवशी आपण तो विसरतो. ऊन कडक आहे, चढ आहेत, हे खरे. पण हॉलंडमध्येही समोरून वारा आणि वरून पाऊस असतोच. आपल्याकडे शुक्रवारची सकाळ आहे. शब्बाथचा भंग न करता तिचा उपयोग सहज होऊ शकेल.

बेन शेमेनच्या जंगलात सायकलींच्या वाटा आहेत, आणि लोद व रामले येथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपासून ते जंगल दूर नाही. बेर शेवात जुन्या उकिरड्यांच्या काठी नदीचे उद्यान फुलले आहे. उणीव आहे ती मोहल्ल्यापासून तेथवर निर्धोक पोहोचविणाऱ्या वाटेची. जंगलापर्यंत जाण्यास मोटार लागत असेल, तर ज्याच्या घरी मोटार नाही त्या मुलाला ते जंगल नसल्यासारखेच.

म्हणून सूचना अशी की, प्रत्येक गावच्या सिनेगॉगच्या कमिटीने आपल्या नगरपालिकेस या एकाच मागणीचे पत्र लिहावे, आणि निवडणुकीच्या वेळी मते मागण्यास येणाऱ्यांना त्याचे उत्तर विचारावे. समाजाच्या सहलींतही वर्षातून एखादी अशी असावी. अलिबागजवळच्या खंडाळ्यास एलियाहू हन्नाबीच्या खडकाच्या दर्शनाला आपले वाडवडील सहकुटुंब जात, मलिदा करीत आणि रानातच जेवत. रानाची ओढ आपल्याला नवी नाही. तेथवर आपल्या मुलांना सुखरूप जाता यावे एवढीच ही मागणी आहे, आणि ती हॉलंडमधल्या आईबापांप्रमाणे आपणच करावयास हवी.